औषध सुरू आहे, तरी सबमिशन राहतेच: एडीएचडी असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कोचिंग नेमके काय करते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, गेल्या वर्षी एडीएचडीचे (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या विकाराचे) निदान झाले, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेले औषध तुम्ही नियमित घेता, लेक्चरमध्ये पूर्वीपेक्षा बरे लक्ष लागते आणि तरीही सबमिशन वेळेवर होत नाहीत. समुपदेशकांनी एडीएचडी कोचिंगचा पर्याय सुचवला आहे. पण ते समुपदेशनापेक्षा वेगळे कसे, त्यात प्रत्यक्ष काय करतात आणि त्याचा उपयोग होतो का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी बरीच वर्षे हेच काम करत आले आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. आधीच सांगून ठेवते की तुमच्यासारख्या परिस्थितीत कोचिंगचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. मात्र बहुतेक विद्यार्थी ज्या अपेक्षेने येतात, म्हणजे ‘मला एक पक्के वेळापत्रक करून द्या’, तिथे तो सर्वांत कमी होतो.

मराठीत कोचिंग म्हटले की शिकवणीचा वर्ग डोळ्यांसमोर येतो, आणि पहिल्या भेटीला पाठ्यपुस्तके घेऊन आलेले विद्यार्थीही मी पाहिले आहेत. एडीएचडी कोचिंगमध्ये विषय शिकवला जात नाही. तुम्हाला अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्र कळते की नाही, हा कोचचा प्रश्न नसतो. समजलेले काम हातून सुरू का होत नाही, सुरू झालेले मध्येच का सुटते आणि सुटलेले पुन्हा हाती घ्यायला तीन आठवडे का लागतात, हा त्याचा प्रश्न असतो. समुपदेशनाचा आणि मानसोपचाराचा रोख भावना, विचारांचे साचे आणि मागच्या जखमा यांच्याकडे असतो. कोचिंगचा रोख येत्या मंगळवारी दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे बसणार आणि कोणती फाइल उघडणार, याकडे असतो. व्यवहारात ही सीमारेषा इतकी स्वच्छ राहत नाही, कारण न उघडलेल्या फाइलीमागे बहुतेक वेळा शरम दडलेली असते. तरीही कोचने त्या शरमेची दखल घेऊन कामाकडे परत यावे, तिच्या मुळाशी उतरण्याचे काम आपले मानू नये, असे माझे मत आहे.

‘शाळेत तर सगळे ठीक होते, मग आताच काय झाले?’ हा प्रश्न पालक विचारतात आणि विद्यार्थी स्वतःलाही विचारतात, बहुधा अधिक कठोरपणे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेच्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. त्याआधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती. १७ वर्षे आणि त्यापुढील व्यक्तींसाठी अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी सहाऐवजी पाच पुरेशी मानली जातात. याचा अर्थ असा की महाविद्यालयात गेल्यामुळे एडीएचडी होत नाही. तो आधीपासून असतोच. त्याला झाकून ठेवणारी रचना महाविद्यालयात गळून पडते. शाळेत तासाला घंटा होते, गृहपाठ उद्याचा असतो, वही तपासली जाते आणि घरी कोणीतरी ‘झाले का?’ म्हणून विचारते. महाविद्यालयात सहा आठवड्यांनंतरची तारीख एकदा सांगितली जाते आणि मधल्या काळात कोणीही काही विचारत नाही. ज्या मेंदूवर जवळच्या परिणामाची पकड घट्ट आणि दूरच्या परिणामाची अगदीच सैल असते, त्याच्या लेखी सहा आठवड्यांनंतरची मुदत पहिले पाच आठवडे जवळजवळ अस्तित्वातच नसते. सहाव्या आठवड्यात ती एकदम अंगावर येते, त्या भीतीने रात्रभर काम होते, कधीकधी ते चांगलेही होते, आणि ‘मला दडपणाखालीच जमते’ हा समज पक्का होतो.

रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये जी मांडणी केली, तिने या गोष्टीकडे पाहण्याची दिशा बरीच बदलली. त्यांच्या मते एडीएचडीच्या केंद्रस्थानी अवधानाचा तुटवडा नसून स्वतःला रोखण्याची आणि त्यावर आधारलेल्या कार्यकारी कार्यांची अडचण आहे. माहिती क्षणभर मनात धरून ठेवणे, वेळेचे भान राखणे, भावना आवरणे, बाहेरून कोणी ढकलत नसताना स्वतःला कामाला लावणे ही ती कार्ये. त्यांनी पुढे सातत्याने मांडलेला मुद्दा मला माझ्या कामात सर्वांत उपयोगी वाटला: अडचण काय करावे हे माहीत नसण्याची नसते, माहीत असलेले करण्याची असते, म्हणून मदत जिथे आणि जेव्हा कृती व्हायची आहे, तिथे आणि तेव्हाच पोहोचली पाहिजे. वेळेच्या नियोजनावरची कार्यशाळा ऐकून तुम्ही भारावून बाहेर पडता आणि आठ दिवसांत काहीच उरत नाही, याचे कारण तुमचा आळस नव्हे. कार्यशाळा शनिवारी सभागृहात झाली, आणि अडचण बुधवारी रात्री हॉस्टेलच्या खोलीत आली.

औषधाबद्दल दोन शब्द. मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधे मेंदूतील डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन यांचे कार्य वाढवतात. त्यांचा परिणाम प्रकारानुसार काही तास टिकतो आणि त्या तासांत एका गोष्टीला चिकटून राहणे सोपे होते. परंतु कोणत्या गोष्टीला चिकटायचे, हे औषध ठरवत नाही. सकाळी गोळी घेऊन चार तास अत्यंत एकाग्रतेने नोट्सच्या फोल्डरांना रंग देत बसलेला विद्यार्थी मला आठवतो. त्या दिवशीचे सबमिशन मात्र तसेच राहिले. शिवाय इतरांनी वर्षानुवर्षांत नकळत अंगवळणी पाडलेल्या सवयी निदान उशिरा झालेल्यांकडे नसतात, आणि त्या गोळीबरोबर येत नाहीत. तुमचे औषध काम करत आहे आणि सबमिशन होत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कोचने मात्रेबद्दल चकार शब्द काढू नये. पण दिवसातल्या कोणत्या तासांत काम जमते आणि कोणत्या तासांत घसरते, याची जी नोंद कोचिंगमध्ये आपोआप तयार होते, ती डॉक्टरांना जरूर दाखवावी.

काही परिस्थितींत कोचिंग ही पहिली पायरी नसते. दोन-तीन आठवडे कशातच रस वाटत नसेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील किंवा नशेचा आधार घ्यावा लागत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि ते लगेच करावे. एडीएचडीसोबत नैराश्य किंवा चिंताविकार असणे अजिबात दुर्मीळ नाही. नैराश्याने अंथरुणातून उठवत नसलेल्या विद्यार्थ्याला ‘छोटे पाऊल कोणते?’ असे विचारत राहणारा कोच त्याच्या अपयशांच्या यादीत फक्त एका नावाची भर घालतो.

आता प्रत्यक्ष काय होते ते. सुरुवातीची भेट सहसा तासाभराची किंवा थोडी अधिक असते. त्यानंतर आठवड्यातून एकदा तीस ते पंचेचाळीस मिनिटे, आणि मधल्या दिवसांत एक-दोन अगदी लहान संदेश. हे मधले संदेश लोकांना किरकोळ वाटतात; मला ते भेटीइतकेच, कधी भेटीपेक्षाही महत्त्वाचे वाटतात, कारण कृतीच्या जागी पोहोचणारा भाग तोच आहे. पहिल्या भेटीत मी ध्येये विचारत नाही. ‘गेल्या महिन्यात राहिलेले एक काम सांगा, आणि ते राहिले तो दिवस सकाळपासून सांगा,’ असे विचारते. ‘मी टाळाटाळ करतो’ या वाक्यात काहीही करण्याजोगे नसते. त्या दिवसाच्या हकिकतीत मात्र पुष्कळ सापडते.

अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेले एक उदाहरण देते. एका विद्यार्थिनीला दीड हजार शब्दांचा निबंध द्यायचा होता. तिच्या म्हणण्यानुसार ती ‘रोज बसत होती’. खोदून विचारल्यावर कळले की ती रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडत असे, विषयाचे शीर्षक वाचत असे, संदर्भ पुरेसे नाहीत असे वाटून शोध सुरू करत असे, चौदा टॅब उघडत असे आणि दोन तासांनी थकून बंद करत असे. लिहायला बसलेली ती एकदाही नव्हती. ती दररोज नव्याने तयारीला बसत होती. तिच्या मनात ‘निबंध लिहिणे’ हे एकच काम होते आणि त्या एका कामाला शिरकाव करायला दारच नव्हते. आम्ही त्या भेटीत निबंधाचे तुकडे पाडले नाहीत, कारण तुकड्यांची यादी करणे तिला उत्तम जमत असे आणि तिथेच तिचा उत्साह संपत असे. आम्ही फक्त उद्याचे पहिले दहा मिनिटांचे काम ठरवले: इंटरनेट बंद ठेवून, संदर्भ न बघता, तिला विषयाबद्दल आधीच जे ठाऊक आहे ते सहा वाक्यांत मोबाइलवर बोलून नोंदवायचे. कुठे, तर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, कारण खोलीतल्या टेबलाशी त्या चौदा टॅबची सवय जोडली गेली होती. कधी, तर शेवटचे लेक्चर संपल्यावर लगेच, खोलीवर जाण्याआधी. ध्वनिमुद्रण झाल्यावर मला एकच शब्द पाठवायचा होता, ‘झाले’. तो शब्द दुसऱ्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी आला. निबंध त्यानंतर नऊ दिवसांनी पूर्ण झाला, एक दिवस उशिराने.

यातले एकही तंत्र माझे नाही. ‘लेक्चर संपले की पायऱ्यांवर बसायचे’ या प्रकारच्या वाक्याला मानसशास्त्रात जर-तर योजना म्हणतात. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये तिच्याबद्दल लिहिले आहे, आणि नुसत्या ‘मी हे करीन’ या निश्चयापेक्षा प्रसंग, जागा आणि कृती आधीच बांधून ठेवल्याने ती घडण्याची शक्यता वाढते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. कोच जी भर घालतो ती वेगळी: तो हे वाक्य विद्यार्थ्याच्या स्वतःच्या दिवसातून काढून घेतो. पायऱ्यांची जागा तिने सुचवली होती. मी सुचवलेला ग्रंथालयाचा वाचनकक्ष तिने नाकारला, कारण तिथे मैत्रिणी भेटतात. उपाय तयार देण्याऐवजी प्रश्न विचारण्याचा आग्रह कोचिंगमध्ये धरला जातो तो सौजन्य म्हणून नव्हे. दुसऱ्याने दिलेला उपाय पहिल्याच अडथळ्यावर सोडून देता येतो, आणि आपण सुचवलेला उपाय फसला तर आपण त्यात बदल करतो.

वेळेच्या अंदाजाचे प्रकरण स्वतंत्रपणे सांगण्यासारखे आहे. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसे सरसकट कमी धरतात. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या चुकीकडे लक्ष वेधले होते. एडीएचडीमध्ये त्यात वेळ जाणवण्याच्याच अडचणीची भर पडते. यावर उपदेश निरुपयोगी असतो, मोजमाप उपयोगी पडते. दोन आठवडे प्रत्येक कामाआधी अंदाज लिहायचा आणि संपल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहायचा, बाकी काहीही बदलायचे नाही. दोन आठवड्यांनी विद्यार्थ्याला स्वतःचा गुणक सापडतो. कोणाचा वाचनासाठी दीडपट असतो आणि लेखनासाठी तिप्पट. एकाला प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करायला नेहमी अंदाजाइतकाच वेळ लागत असे आणि ईमेल लिहायला पाचपट. हे आकडे एकदा दिसले की ‘मी बेशिस्त आहे’ या वाक्याची जागा ‘लेखनाला तिप्पट धरायचे’ हे वाक्य घेते, आणि दुसऱ्या वाक्याचे पुढे काहीतरी करता येते.

सोबतीने बसण्याचा उपाय तुम्ही ऐकला असेल: कोणीतरी शेजारी किंवा व्हिडिओ कॉलवर आपापले काम करत बसते, बोलत नाही, मदतही करत नाही. त्याने काम का होते याचे स्पष्टीकरण अनेक जण आत्मविश्वासाने देतात. मी एवढेच सांगेन की माझ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना तो लागू पडतो आणि काहींना तो असह्य होतो. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती या प्रसिद्ध पद्धतीचेही तसेच आहे. ज्यांची अडचण सुरू करण्यात आहे त्यांना ती उपकारक ठरते. ज्यांना लय सापडायलाच वीस मिनिटे लागतात त्यांची लय ती मोडते. कोणते साधन ‘एडीएचडीसाठी सर्वोत्तम’ आहे हे कोच पहिल्याच भेटीत सांगू लागला तर सावध व्हावे.

इथवर वाचून असे वाटेल की योग्य युक्ती सापडली की काम झाले. तसे होत नाही, आणि माझ्या दृष्टीने कोचिंगचा गाभा इथून पुढे आहे. नवी पद्धत पहिले दोन आठवडे नवी असते म्हणून चालते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवेपणा ओसरतो, एखादा ताप येतो, घरी कार्य निघते, किंवा काहीही कारण नसताना एक मंगळवार चुकतो. ज्याला एडीएचडी नाही तो बुधवारी पुन्हा बसतो. तुम्हाला मात्र तो चुकलेला मंगळवार आजवरच्या सगळ्या चुकलेल्या मंगळवारांची आठवण करून देतो. वही उघडायची भीती वाटते, रिमाइंडर न वाचता बाजूला सारला जातो, ॲप काढून टाकले जाते, आणि दहा दिवसांनी नव्या पद्धतीचा शोध सुरू होतो. मी कामाला लागले तेव्हा सुंदर, रंगीत, तासातासाची वेळापत्रके बनवत असे आणि ती मोडली की अधिक चांगली बनवत असे. विद्यार्थी ती घेऊन जात, कौतुक करत आणि तिसऱ्या आठवड्यानंतर भेटीला यायचेच बंद होत. मला वाटे, त्यांची तयारी नव्हती. फार उशिरा लक्षात आले की मोडण्याजोगी वस्तू मी देत होते, ती मोडल्यावर परत यायची वाट मी दिलीच नव्हती.

तेव्हापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, सगळे छान चाललेले असतानाच, मी विचारते: ‘हे मोडेल तेव्हा पहिल्यांदा कशावरून कळेल?’ प्रत्येकाची खूण निराळी असते. कोणी संदेशांना उत्तर देणे थांबवतो, कोणी रात्री तीनपर्यंत जागू लागतो, कोणी एकाएकी खोली आवरायला घेतो. मग त्या खुणेनंतर करायची एकच, हास्यास्पद वाटावी इतकी लहान कृती ठरवतो, जी केल्याने परत आलो असे मानायचे. राहिलेले काम भरून काढणे ही ती कृती कधीच नसते. राहिलेल्या अकरा दिवसांचे कर्ज फेडल्याशिवाय आजचे काम करायचे नाही, या हिशेबातच माणूस बुडतो. एका विद्यार्थ्याची कृती अशी होती: वहीचे नवे पान, त्यावर आजची तारीख आणि ‘पुन्हा’ हा शब्द. मागची पाने बघायची नाहीत. सेमिस्टरच्या अखेरीस त्याच्या वहीत अशी सात पाने होती. पहिल्या दोन खंडांमधून परतायला त्याला आठ-दहा दिवस लागले होते, शेवटच्या दोन वेळा एकेक दिवस. मला विचाराल तर प्रगती मोजायची ती याच आकड्याने. किती दिवस सलग जमले यापेक्षा सुटल्यावर किती दिवसांत परत आलात, हे मोजा.

भेट चुकवण्याबाबतही हेच. काम झाले नाही म्हणून भेटीला न येणे ही कोचिंगमधली सर्वांत सामान्य घटना आहे, आणि चांगला कोच पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो की काहीही न करता आलात तर ती भेट वाया गेली असे नसते. उलट, काम झाले नाही त्या आठवड्याची हकिकत जास्त शिकवते. तुम्ही ज्या कोचकडे जाल त्याला हे आवर्जून विचारा: ‘मी दोन आठवडे गायब झालो तर तुम्ही काय कराल?’ ‘ती तुमची जबाबदारी आहे’ एवढेच उत्तर आले तर तो कोच इतर कोणासाठी चांगला असेल, तुमच्यासाठी नाही.

झोपेचा विषय थोडक्यात आटोपते, पण तो लहान नाही. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांचे झोपेचे चक्र उशिराकडे सरकलेले असते, आणि महाविद्यालयीन जीवन त्याला आणखी ढकलते. पहाटे तीनला झोपणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सकाळी आठची योजना आखणे म्हणजे अपयशाची तारीख ठरवणे होय. झोप सुधारेपर्यंत कठीण कामे ज्या वेळी तुम्ही खरोखर जागे असता त्या वेळेला ठेवावीत, आणि झोपेबद्दल डॉक्टरांशी बोलावे. परीक्षेत जादा वेळ किंवा शांत खोली मिळण्याची सोय तुमच्या संस्थेत असेल तर ती अवश्य घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र जादा वेळ परीक्षेच्या खोलीत मदत करतो, अभ्यास सुरू करण्यात नाही.

उपयोग होतो का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की पुरावा आश्वासक आहे, पण भक्कम म्हणावा इतका नाही. फील्ड, पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोचिंग मिळालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अध्ययनकौशल्ये आणि आत्मनियमन यांत तुलनागटापेक्षा सुधारणा दिसली. प्रीव्हॅट आणि येलंड यांनी २०१५ मध्ये आठ आठवड्यांच्या कोचिंगमधून गेलेल्या १४८ विद्यार्थ्यांची माहिती मांडली, त्यातही अध्ययनाच्या सवयींत सुधारणा होती. अशा अभ्यासांचे मोजमाप बरेचसे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून असते, आणि आपल्याला कोचिंग मिळते आहे हे विद्यार्थ्याला माहीत असणारच, त्यामुळे औषधांच्या चाचण्यांत असते तशी आंधळी तुलना इथे शक्य नसते. कोचिंगशी मिळत्याजुळत्या आणि अधिक काटेकोरपणे तपासल्या गेलेल्या गोष्टींत बोधात्मक वर्तनोपचारावर (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याच्या उपचारावर) आधारलेले गटकार्यक्रम येतात. तुमच्या महाविद्यालयात असा गट चालत असेल आणि कोच मिळत नसेल, तर गट ही दुय्यम निवड मानू नका. आणि कोचिंगने एडीएचडी बरा होतो असे कोणताही अभ्यास म्हणत नाही.

कोच निवडताना लक्षात ठेवा की ‘कोच’ ही उपाधी बहुतेक ठिकाणी कायद्याने संरक्षित नाही. कोणीही स्वतःला कोच म्हणवू शकतो. त्यामुळे प्रशिक्षण कुठे घेतले, एडीएचडीबद्दल वेगळे शिक्षण आहे का, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबरोबर किती काम केले आहे आणि आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट आली तर कोणाकडे पाठवता, हे थेट विचारावे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढे जाऊ नये. औषध सोडायला सांगणारा, ठरावीक आठवड्यांत गुणांची हमी देणारा, किंवा ‘मलाही एडीएचडी होता, मी इच्छाशक्तीने मात केली’ अशी स्वतःची कथा विकणारा कोच टाळावा. स्वतःला एडीएचडी असलेले काही उत्तम कोच मला माहीत आहेत. पण ते स्वतःचा उपाय दुसऱ्यावर लादत नाहीत.

शुल्क पालक भरत असतील तर गोपनीयतेचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात मिटवावा. माझी रीत अशी आहे की भेटी होत आहेत की नाहीत एवढेच पालकांना कळते, तेही विद्यार्थ्याच्या संमतीने. काय बोललो ते नाही. पालकांनी रोज ‘आज काय केले?’ असे विचारणे बंद करावे, अशी विनंती मी करते, कारण त्या एका प्रश्नात देखरेख, काळजी आणि अविश्वास इतके मिसळलेले असतात की खरे उत्तर देणे कोणालाही जड जाते. ‘रविवारी संध्याकाळी मी तासभर माझे काम घेऊन फोनवर बसते, तूही बस’ असे म्हणणारी एक आई मला भेटली. तिने माझे निम्मे काम केले.

कोचिंग किती काळ चालावे, याला ठरलेले उत्तर नाही. एक सेमिस्टर हा मला किमान कालावधी वाटतो, कारण एका पूर्ण चक्रात सुरुवात, मध्य, परीक्षा आणि किमान दोन पडझडी येतात. त्यानंतर भेटी पंधरवड्यावर आणाव्यात, मग महिन्यावर, आणि कोचची जागा घेणारी माणसे व खुणा तुमच्या दिवसात आधीच रुजलेल्या आहेत का, हे तपासत जावे. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट सुरू झाला की पुन्हा काही भेटी लागल्या, तर ते मागे जाणे नव्हे. नव्या प्रकारच्या कामाला नवा आधार लागतो.

कोच मिळेपर्यंत, किंवा मिळालाच नाही तरी, या आठवड्यात एक गोष्ट करता येईल. राहिलेल्या सबमिशनांपैकी जे सर्वांत महत्त्वाचे आहे ते तूर्त बाजूला ठेवा आणि जे सर्वांत कमी भीतिदायक आहे ते निवडा. एखादा वर्गमित्र किंवा रूममेट निवडा, त्याला ‘मला आठवण कर’ असे सांगू नका, कारण आठवण करून देणारा माणूस चार दिवसांत कटकट्या वाटू लागतो. त्याऐवजी ‘उद्या चार वाजता मी तुला एक शब्द पाठवीन, तू फक्त वाच’ असे सांगा. दहा मिनिटांचे पहिले काम ठरवा आणि ते खोलीबाहेर करा. उद्या चारला शब्द गेला नाही तर परवा चारला पाठवा, स्पष्टीकरण न देता. समुपदेशकांनी सुचवलेल्या कोचला पहिला संदेश लिहिताना संपूर्ण इतिहास लिहायचा प्रयत्न करू नका. तो मसुदा तुम्ही पूर्ण करणार नाही, हे आपण दोघेही जाणतो. ‘मी दुसऱ्या वर्षाला आहे, एडीएचडीचे निदान झाले आहे, औषध सुरू आहे, सबमिशन राहतात, भेटीची वेळ हवी आहे’ एवढे पुरे. ते वाक्य इथून तसेच उचलले तरी चालेल.